बाबांवर लिहायला बसले की बायोडेटाच होतो

पत्र:

"मावशी, नाशिकहून लिहितेय. माझे बाबा दिवाणी वकील. १९८८ ला सनद घेतली आणि शेवटपर्यंत इथल्या जिल्हा कोर्टातच प्रॅक्टिस केली. पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे, त्याच आठवड्यात त्यांचे सहकारी वकील छोटा कार्यक्रम ठेवतायत, मला पाच मिनिटं बोलायचंय आणि दोन पानं लिहून द्यायचीयेत. लिहायला बसले की नुसता बायोडेटा होतो. सगळे त्यांच्या केसेस सांगतात, त्या मला माहीत नाहीत. मला आठवतं ते सगळं घरगुती. बारावीच्या पेपरांना ते तारखा मागून घ्यायचे आणि सेंटरबाहेर झाडाखाली, काळा कोट हातावर टाकून, ब्रीफ वाचत थांबायचे. माझं पहिलं ऑफर लेटर त्यांनी फोनवर मला ओळ न् ओळ मोठ्याने वाचायला लावलं होतं, तीन पानांसाठी पाऊण तास! वकिलांसमोर हे काय सांगायचं? दहाव्याला रामकुंडावर एक अनोळखी बाई आल्या, म्हणाल्या, 'साहेबांनी मला सही करू दिली नाही म्हणून आज सातबाऱ्यावर माझं नाव आहे,' आणि रडत निघून गेल्या. खरं सांगू, मला हेवा वाटला त्यांचा. एक दावा हरल्यावर बाबा दोन दिवस नीट जेवले नव्हते, ते लिहायचं म्हटलं तर आई म्हणते चांगलंच लिही. त्यात दादा पुण्याहून सांगतो दिवाळीआधी ऑफिस रिकामं करून भाड्याने देऊ, आणि आई तिथल्या खुर्चीलाही हात लावू देत नाही."

उत्तर:

अगं, तुझं पत्र मी दोनतीनदा वाचलं आणि मला तर वाटतं तुझा लेख तू मला लिहून पाठवलासच, फक्त तुला तो दिसत नाहीये.

तुझं ऑफर लेटर आणि त्या बाईंची सही, या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघ ना. एका मुलीला फोनवर पाऊण तास बसवून तू काय कबूल करतेयस ते नीट वाच म्हणणारा माणूस, आणि कोण कुठल्या बाईला, जिची फी किती मिळणार होती देव जाणे, तिला थांब बाई सही करू नकोस म्हणणारा माणूस, हा एकच आहे गं. तुला वाटतं वकीलसाहेब लोकांच्या वाट्याला आले आणि तुझ्या वाट्याला उरलेसुरले घरचे बाबा आले, म्हणून तो हेवा. पण जे त्या बाईंना एकदा मिळालं ते तुला जन्मभर मिळालंय. ऑफर लेटरमध्ये काय होतं, बाँड होता का, नोटिस पीरियड किती, बाबा कुठल्या ओळीला थांबले आणि परत वाच म्हणाले, हे आठवेल तेवढं लिही. कोर्टातली माणसं हे ऐकून हसणार नाहीत, त्यांना तो आवाज ओळखीचा आहे.

त्या बाईंचं काय झालं असेल याचा मला अंदाज आहे, हक्कसोडपत्र असणार. आपल्याकडे हे घरोघरी चालतं, वडील गेले की तेराव्यानंतर भाऊ कागद तयार करून आणतात, बहिणीने हसतमुखाने सही करायची आणि माहेर टिकवायचं, कागदात काय लिहिलंय ते तिला कोणी वाचूनही दाखवत नाही. आणि नाशिक जिल्ह्यात द्राक्षाची बाग नाहीतर कॅनॉलखालची जमीन म्हणजे किती पैशांचा विषय आहे ते तुला मी सांगायला नको. पण माझा अंदाज लेखात घालू नकोस हं, बाबांच्या कारकून काकांना विचार, त्यांना माहीत असणार.

काकांना विचारशील तेव्हा वर्षं पण विचार. बाबांनी सनद घेतली तेव्हा मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मतः हक्क नव्हता. महाराष्ट्राने तो १९९४ ला दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. मग हिंदू वारसा कायद्यात केंद्राची दुरुस्ती आली, ९ सप्टेंबर २००५ पासून लागू, तिच्यात ती लग्नाची अट नाही. तरी त्या तारखेला वडील हयात हवेत की नको यावर वर्षानुवर्षं वाद चालले, सुप्रीम कोर्टाने ११ ऑगस्ट २०२० ला सांगितलं की हयात असायची गरज नाही. हे सगळं बाबांच्या डोळ्यांसमोर घडलंय. विचार कर, १९९३ मध्ये एखादी लग्न झालेली बाई त्यांच्यासमोर बसली असेल तर त्यांना तिला काय सांगावं लागलं असेल, आणि तीच बाई २००६ मध्ये परत आली असेल तर! दिवाणी वकिलाचं कर्तृत्व किती केसेस जिंकल्या या आकड्यात नसतंच फारसं, वाटपाचा दावा एकेकदा दोन पिढ्या चालतो, निकाल लागला तरी तो अमलात आणायला पुढे दरखास्त असते, तोपर्यंत पक्षकाराला धीर देत, खोटी आशा न लावता, तारखेमागून तारखेला उभं राहायचं असतं. अशा कामाला कोणी पेपरात फोटो छापत नाही, म्हणून तर ते तू लिहायला हवंस.

आईला माझ्याकडून सांग की हरलेल्या दाव्याचं लिहिलं तर बाबा लहान होत नाहीत. दुसऱ्याची जमीन गेली म्हणून ज्याला घास गिळत नाही तो माणूस केवढा असेल. मला तरी तुझ्या पत्रात त्यांची सगळ्यात जास्त ओळख तिथे पटली. तरीही आई अगदीच अडून बसली तर त्या दिवशी बोलू नकोस, लेखात लिही, आणि छापायला देण्याआधी तिला वाचून दाखव.

एक पथ्य मात्र पाळ, आणि ते बाबांचंच आहे. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं वकिलाने बाहेर काढायचं नाही, काम संपल्यावरसुद्धा नाही. पूर्वी हे १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम १२६ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला त्यात कलम १३२ मध्ये आहे. त्यामुळे नाव, गाव, गट नंबर, भावाभावांचं भांडण, काही नको. तुझ्या पत्रात त्या बाईंचं गाव होतं ते मी इथे काढून टाकलंय. त्यांची गोष्ट सांगायचीच असेल (आणि सांगच) तर काकांकडून पत्ता काढून त्यांना जाऊन भेट, विचार, त्या हो म्हणाल्या तर लिही. भेटायला तर जाच, लेख राहू दे बाजूला.

आता ऑफिस. इथे मला दादाचंही पटतं आणि आईचंही, पण दोघांच्याही आधी पक्षकार येतात. वकील गेला की त्याचं वकीलपत्र तिथेच संपतं, पक्षकाराला नवा वकील नेमून नवीन वकीलपत्र द्यावं लागतं. वर्ष होत आलंय म्हणजे बाबांच्या ज्युनियरने चालू मॅटर घेतली असतीलच, पण एखादा म्हातारा पक्षकार अजून तारखेची वाट बघत बसला नाही ना हे काकांना डायरी उघडून बघायला सांग. फाइल पक्षकाराची असते, फी बाकी असली तरी अडवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने हे २००० सालीच स्पष्ट केलंय. एकेकाला फोन करून, वहीत पोच घेऊन फाइली परत द्या. आणि दादाला हे नीट बजाव की उरलेल्यातला एकही कागद रद्दीवाल्याकडे जाता कामा नये. त्यात लोकांची आधार कार्डं आहेत, खरेदीखतं आहेत, सह्यांचे नमुने आहेत. चालू नाहीत आणि कोणी नेतही नाही अशा फाइलींचं काय करायचं ते ज्युनियरला ठरवू दे, नष्टच करायच्या ठरल्या तर समोर उभं राहून फाडून घ्या.

पुस्तकांचं जरा अवघड आहे, निकालांचे जुने बांधीव खंड आता कोणी फारसं घेत नाही कारण सगळं मोबाइलवर मिळतं. ज्युनियर मुलांना हवी ती निवडू द्या, मग एखाद्या लॉ कॉलेजच्या लायब्ररीत आधी फोन करून विचारा, न विचारता टेम्पो भरून नेऊ नका. पण त्याआधी तू एक रविवार तिथे एकटी बस आणि पानं चाळ. दिवाणी प्रक्रिया संहितेचं जे जाड पुस्तक सगळ्यात जास्त झिजलेलं असेल त्यात समासात पेन्सिलीने त्यांनी काय काय लिहिलंय बघ. ते पुस्तक आणि कोर्टाच्या डायऱ्या घरी ने, लायब्ररीला देऊ नकोस. बारावीच्या त्या महिन्याची डायरी सापडली तर पेपरच्या तारखांना काय लिहिलंय तेही बघून ठेव, तुझ्या भाषणाला लागेल.

आईने त्या खुर्चीला हात लावू न देणं मला अगदी समजतं. पण ती शेवटची त्या ऑफिसात कधी जाऊन बसली होती? आपल्याकडे वकिलाच्या बायकोला ऑफिस फक्त उशिरा होणाऱ्या जेवणावरून माहीत असतं. तिला एकदा घेऊन जा, काकांनाही बोलव, समोरच्या टपरीवरून चहा मागवा, काका जे सांगतील ते तिला ऐकू दे. नंतर खुर्ची घरी न्यायची की नाही ते तीच सांगेल, तुम्ही दोघं ठरवू नका. दिवाळीची तारीख दादाने थोडी पुढे ढकलली तर भाडेकरू काही पळून जात नाहीत, कोर्टाजवळच्या जागेला गिऱ्हाईक कायम असतं.

आणि भाषणात "आधारवड हरपला" आणि "कधीही न भरून येणारी पोकळी" अजिबात नको, ते कोणाच्याही फ्लेक्सवर चालतं. झाडाखालच्या बाबांपासून सुरू कर, ऑफर लेटरवर ये, त्या बाई हो म्हणाल्या तर त्यांची गोष्ट, मग हरलेला दावा. पाच मिनिटांत यापेक्षा जास्त मावत नाही. कागदावर मोठ्या अक्षरात प्रिंट काढ, मोबाइलमधून वाचू नकोस, डोळे भरून आले की स्क्रीनवरचं काही दिसत नाही. मध्येच गळा दाटला तर थांब, पाणी पी, समोर बसलेल्यांतल्या निम्म्यांचीही तीच गत असेल.

पहिला फोन काकांना कर, याच आठवड्यात.

— मावशी