टांझानियात स्वयंसेवक म्हणून जाताना कोल्हापूरहून काय न्यावं?

टांझानियातल्या शाळेत तीन महिने शिकवायला जाताय आणि मुलांसाठी कोल्हापूरचं काय न्यावं, चित्रांची कार्डं चालतील का, असं विचारलंय. मी किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशीतल्या एका शाळेत असंच काम करून आले, म्हणून सांगते.

वाटायच्या वस्तू नेऊ नका. मी पहिल्याच दिवशी किल्ल्यांच्या की-चेन वाटल्या. चार मुलांना पुरल्या नाहीत आणि ती पोरं दिवसभर गप्प होती. अजून मनाला लागतं ते.

त्यापेक्षा दाखवायला एकच जोड न्या, चांगली कापशी चप्पल, म्हणजे कोल्हापुरी चपलेचाच एक प्रकार. कोल्हापूरच्या चप्पल ओळीत, म्हणजे चपलांच्या बाजारात, घेताना जरा थांबून सगळं विचारून घ्या: कातडं बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं, खिळा एकही नाही, शिलाई चामड्याच्याच वादीची. मोशीच्या बाजारात जुन्या टायरच्या चपला करणारे एक आजोबा बसायचे. त्यांनी माझी चप्पल उलटी केली, तळावरून अंगठा फिरवत खिळा शोधला. सापडेना, तेव्हा वादीचं टोक नखानं उचलून बघितलं आणि हसले. मग मला शेजारी बसवून टायर कसा कापायचा ते दाखवलं. मला स्वाहिली दहा शब्दांपलीकडे येत नव्हती, पण तासभर कसा गेला कळलं नाही. आणि हो, ही चप्पल फक्त आमचीच असं सांगू नका. २०१९ चं भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून आहे.

कार्डांचं म्हणाल तर रंकाळा, पन्हाळा, खासबागेतली कुस्ती, गुऱ्हाळ यांचे फोटो स्टुडिओतून छापून घ्या आणि मागे मराठीत दोन ओळी स्वतःच्या हातानं लिहा. तिथल्या मुलांना अक्षरांवरची रेघ फार आवडते, सगळ्यांना आपलं नाव तसं लिहून हवं असतं.

सोबत पोस्टातली ५० पैशांची कोरी कार्डंही न्या. मी त्यांवर मुलांकडून चित्रं काढून घेतली आणि परत आल्यावर करवीर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत दिली. एका मुलीनं किलिमांजारो काढला होता, वरून सपाट, खाली पसरट. आमच्या तिसरीतल्या पोरानं तो उलटासुलटा करून बघितला आणि विचारलं, "बाई, त्यांच्याकडं पण गुळाचे रवे करतात?"

रवे म्हणजे आमच्याकडच्या गुळाच्या ढेपा. त्याचा हा प्रश्न त्या मुलीला कार्डावरच लिहून पाठवलाय, गुऱ्हाळाच्या चित्रासकट.