मुरुमांचे खड्डे: लेझरचं पॅकेज घेण्याआधी

प्रश्न: वय 27. दोन्ही गालांवर मुरुमांचे खड्डे आहेत. क्लिनिकमध्ये फ्रॅक्शनल सीओटू (बारीक ठिपक्यांत मारायच्या) लेझरच्या सहा सिटिंगचं पॅकेज सांगितलं. आगाऊ पैसे भरले तर सवलत. भरू का? (वाचक, सातारा)

इतक्यात नको. खड्डे कोणत्या प्रकारचे आहेत हे न सांगताच सिटिंगचा आकडा सांगितला असेल, तर ती नुसती दुकानदारी.

आधी अंधाऱ्या खोलीत दिवा गालाच्या बाजूला धरून आरशात पाहा. समोरच्या उजेडात खड्डे लपतात. दोन मिलिमीटरहून अरुंद पण खोल छिद्रं म्हणजे 'आइस पिक'. कडा उभ्या आणि तळ सपाट असेल तर 'बॉक्सकार'. चार-पाच मिलिमीटर किंवा जास्त रुंद, उतरत्या कडांचे आणि त्वचा ताणली की बरेचसे नाहीसे होणारे ते 'रोलिंग'. बहुतेक चेहऱ्यांवर तिन्ही मिसळलेले असतात, म्हणून एका यंत्राने सगळं काम होत नाही.

रोलिंग खड्डे गादीला टाके घातल्यावर पडतात तसे असतात: खालचे तंतू त्वचेला आत ओढून धरतात. वरून कितीही लेझर मारलं तरी ते सुटत नाहीत. त्यासाठी सबसिजन. खड्डे पेनाने आखून घेतात, भूल देतात आणि 18 गेजची धारदार टोकाची सुई किंवा बोथट कॅन्युला (बारीक नळी) त्वचेखाली घालून पंख्यासारखी फिरवत तंतू तोडतात. तुटताना कट्कट् आवाज येतो, घाबरू नका. नंतर काही मिनिटं घट्ट दाबून धरतात. काळेनिळेपणा आठ-पंधरा दिवस राहतो. लग्नकार्य जवळ असेल तर तारीख पुढे ढकला. साकळलेल्या रक्ताच्या गाठी काही आठवडे हाताला लागू शकतात. तंतू पुन्हा चिकटतातही, म्हणून महिना-दीड महिन्याने पुन्हा करावं लागतं. कानशिलाजवळ आणि जबड्याच्या कडेला चेहऱ्याचे स्नायू हलवणारी मज्जातंतूची नस त्वचेच्या जवळ असते. तिथे सराईत हातच हवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका.

आइस पिकसाठी टीसीए क्रॉस. 70 ते 100 टक्के ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिडचा थेंब लाकडी काडीच्या टोकाने फक्त छिद्राच्या तळाशी टेकवतात. काही सेकंदांत तिथे पांढरं पडतं, नंतर खपली धरते आणि साधारण आठवड्यात गळते. ती खरवडायची नाही. चार-सहा आठवड्यांच्या अंतराने तीन ते पाच वेळा लागतं. ॲसिड कडेला ओघळलं तर छिद्र उलट रुंद होतं आणि सभोवती काळं पडतं. हे ॲसिड घरी आणून लावण्याचे व्हिडिओ फिरतात. तो मूर्खपणा आहे.

उथळ बॉक्सकारला मात्र लेझर किंवा मायक्रोनीडलिंग रेडिओफ्रिक्वेन्सी (बारीक सुयांतून त्वचेत उष्णता देणं) उपयोगी. खोल बॉक्सकार पंचने (गोल पात्याच्या हत्याराने) सोडवून वर उचलतात. आपल्या सावळ्या त्वचेत लेझरचा मोठा धोका म्हणजे काळे डाग. ठिपक्यांची घनता कमी ठेवून जास्त सिटिंग घेणं बरं. एकाच वेळी जोरात मारलेलं महागात पडतं. ओठांवर वारंवार हर्पिसचे फोड उठत असतील तर लेझरआधी विषाणूविरोधी गोळ्या लागतात.

क्रम साधारण असा: मुरूम पूर्ण आटोक्यात, मग सबसिजन आणि क्रॉस, शेवटी लेझर. नवं कोलॅजेन (त्वचेला भरीवपणा देणारं प्रथिन) तयार व्हायला तीन ते सहा महिने जातात. महिन्याभरात निकाल मोजू नका. आणि 'शंभर टक्के सपाट' म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

प्रश्न: खड्डे नाहीत, पण पिंपलच्या जागी तपकिरी डाग आहेत. पील (ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर काढणं) करावं का? (वाचक, नांदेड)

हे व्रण नव्हेत, साचलेला रंग आहे. एसपीएफ 30 किंवा जास्तचं सनस्क्रीन दोन बोटांच्या लांबीएवढं, बाहेर असताना दर दोन-तीन तासांनी. रात्री ॲझेलिक ॲसिड किंवा ॲडापलीनचं मलम. डाग काही महिन्यांत फिके होतात; पीलचा विचार नंतर. गरोदर असाल तर ॲडापलीन नको. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टेरॉइडमिश्रित 'गोरेपणाची' ट्यूब महिनोन्महिने लावली की त्वचा पातळ होते, लालसर शिरा दिसतात आणि मुरूम परत येतात.

प्रश्न: मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत. खड्ड्यांच्या उपचारासाठी गोळ्या संपल्यावर सहा महिने थांबायलाच हवं का? (वाचक, पणजी)

सगळ्याच उपचारांसाठी नाही. 2017 मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञांनी उपलब्ध अभ्यास तपासून फ्रॅक्शनल लेझर आणि सौम्य पीलसाठी थांबण्याचा आधार पुरेसा नसल्याचं म्हटलं. यंत्राने चेहरा खरवडणं आणि पूर्ण चेहऱ्यावरचं खोल लेझर मात्र लांबणीवरच टाकावं.

प्रश्न: जबड्यावर आणि छातीवर मुरुमांच्या जागी टणक, उंच गाठी झाल्या आहेत. कापून काढता येतील का? (वाचक, मुंबई)

नुसतं कापलं तर अशी गाठ, म्हणजे केलॉइड (वाढत जाणारा उंच व्रण), बऱ्याचदा पूर्वीपेक्षा मोठा होऊन परततो. आधी गाठीच्या आत ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन, मिलिलिटरला 10 ते 40 मिलिग्राम, दर चार-सहा आठवड्यांनी. जोडीला सिलिकॉन जेल काही महिने. औषध जास्त झालं किंवा गाठीबाहेर गेलं तर त्वचा खचते आणि पांढरट पडते, म्हणून चेहऱ्यावर कमी तीव्रतेने सुरुवात करतात.