खानापुरात सकाळी दिलेलं रक्त दुपारी बेळगावच्या लॅबमध्ये तपासलं, तर साखर कमी दिसते का?

हो, साध्या लाल झाकणाच्या नळीत तसंच पडून राहिलं तर नक्की कमी दिसते. नळीतही रक्तपेशी साखर वापरत राहतात. खोलीच्या तापमानाला तासाला साधारण 5 ते 7 टक्के घट होते, उन्हाळ्यात आणखी. मी लॅब टेक्निशियन आहे. साखरेसाठी आम्ही करड्या झाकणाची, फ्लोराइडची नळी वापरतो; फ्लोराइड पेशींचं साखर वापरणं थांबवतं. खानापुरातच सीरम (रक्त गोठल्यावर पेशींपासून वेगळा होणारा पातळ भाग) वेगळं करून पाठवलं तरी चालतं. पण फ्लोराइडचा पूर्ण परिणाम व्हायला एक-दोन तास जातात, तेवढ्यात थोडी घट होतेच. म्हणून रिपोर्ट अगदी काठावरचा असेल तर बेळगावला जाऊनच रक्त द्या. पोटॅशियमही बघायचं असेल तर सीरम वेगळं न करता नळी फ्रिजमध्ये ठेवू देऊ नका, आकडा खोटाच वाढतो.