ख्रिश्चन थ्रॅश मेटल खरंच होतं का? जुनी, हरवलेली रेकॉर्डिंग्ज कुठे ऐकायची?

होतं की, आणि चांगलं दणदणीत होतं! थ्रॅश म्हणजे हेवी मेटलचा वेगवान, आक्रमक प्रकार; इथे तो ख्रिस्ती श्रद्धेचे बँड वाजवायचे. इंग्लंडमधल्या हेल्सोवेनचा 'सेव्हन्थ एंजल' घ्या. १९९० मध्ये 'द टॉर्मेंट', पाठोपाठ 'लॅमेंट फॉर द वेअरी', मग बँडने गाशा गुंडाळला तो थेट २००९ मध्ये तिसऱ्या अल्बमसह परतला. 'लॅमेंट' आधी ऐका. त्यात प्रवचन कमी, नैराश्य आणि आत्महत्येसारखे विषय जास्त.

हरवलेलं म्हणाल तर ते बहुतेक डेमो, म्हणजे अल्बमआधीची कच्ची रेकॉर्डिंग्ज. कॅसेटवरून कॅसेट, हातोहात फिरायचे. प्रत्येक कॉपीत खरखर वाढते आणि ड्रमसेटमधल्या झांजांचा आवाज सगळ्यात आधी मरतो, म्हणून कॅसेटवरून उतरवून यूट्यूबवर टाकलेल्या कळकट कॉपीवरून बँडची पारख करू नका. लॉस एंजेलिसच्या 'डिलिव्हरन्स'चा 'ग्रीटिंग्ज ऑफ डेथ' डेमो पुढे सीडीवर आला, तो शोधा.