वाचकांचे प्रश्न : डेटाबेस लोकल जोडणी नाकारतो तेव्हा

प्रश्न : कळमना बाजारात आमची संत्र्याची अडत आहे. बिलं आणि शेतकऱ्यांच्या पट्ट्या उबुंटू लिनक्सवरच्या मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसमध्ये आहेत. मृग बहाराची आवक सुरू असताना वादळात वीज गेली, यूपीएसही संपला. आता ‘एरर २००२’ येते : सॉकेटमधून लोकल सर्व्हरशी जोडता येत नाही, आणि शेवटी कंसात २. डेटाबेस काढून पुन्हा टाका, असा सल्ला मिळाला. टाकावा का?
— एक अडतदार, नागपूर

उत्तर : मुळीच नको. काढताना डेटाचं फोल्डरही पुसलं जाऊ शकतं, आणि मग बॅकअप नसेल तर पट्ट्या गेल्याच.

कंसातला २ म्हणजे सॉकेटची फाइल सापडली नाही. त्याच संगणकावरचे प्रोग्राम या फाइलमधून डेटाबेस सर्व्हरशी बोलतात. ही फाइल ‘/व्हार/रन/मायएसक्यूएलडी’ मध्ये असते. उबुंटूत ही जागा रॅममध्ये असल्याने संगणक बंद पडला की फाइल नाहीशी होते आणि सर्व्हर सुरू झाला की तोच ती नव्याने बनवतो. म्हणून ती नाही याचा अर्थ बहुतेक वेळा एकच : सर्व्हर उठलेलाच नाही. त्या नावाची रिकामी फाइल हाताने बनवून उपयोग नाही. कंसात १३ असता तर परवानगीची अडचण, १११ असता तर पलीकडे ऐकणारं कोणी नाही. पासवर्ड चुकला तर १०४५ येते, आणि ती चालू सर्व्हरच देऊ शकतो. तेव्हा बिलिंग सॉफ्टवेअरला हात लावू नका.

आधी ‘सुडो सिस्टमसीटीएल स्टेटस मायएसक्यूएल’ पाहा, मग ‘/व्हार/लॉग/मायएसक्यूएल/एरर.लॉग’ च्या शेवटच्या ५० ओळी वाचा. (कमांड इथे उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत, टाइप करताना रोमन लिपीतली छोटी अक्षरं वापरा.) क्रॅश रिकव्हरी (अचानक बंद पडल्यानंतरची दुरुस्ती) चालू असल्याचं दिसलं तर थांबा. वीज गेल्यावर अर्धवट राहिलेले व्यवहार इनोडीबी, म्हणजे मायएसक्यूएलचा डेटा साठवणारा भाग, स्वतः निस्तरतो. मोठ्या डेटाला वेळ लागतो. मध्येच ‘किल -९’ ने सर्व्हर जबरदस्तीने बंद केला तर हे काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

‘नो स्पेस लेफ्ट’ किंवा एरर २८ दिसली तर ‘डीएफ -एच’ ने डिस्क तपासा. दुकानांतल्या संगणकांवर आम्हाला हाच संशय सर्वांत आधी येतो, कारण ८.० मध्ये बायनरी लॉग (डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद) आपोआप चालू असतो आणि ३० दिवस साठत राहतो. त्या फाइली हाताने पुसू नका, त्यांची यादी वेगळ्या इंडेक्स फाइलमध्ये असते. आधी ‘सुडो एपीटी क्लीन’ आणि ‘सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइज=२००एम’ (यातला एम मात्र मोठा) ने थोडी जागा करा, सर्व्हर उठवा, मग आतून ‘पर्ज बायनरी लॉग्ज’ द्या. रोजचा बॅकअप होत असेल तर ‘बिनलॉग_एक्स्पायर_लॉग्ज_सेकंड्स’ ६०४८०० ठेवा, म्हणजे ७ दिवस.

सर्व्हर उठून लगेच मरत असेल तर ‘सुडो डीमेसग’ मध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा. ४ जीबी रॅमवर बफर पूलही (डेटासाठी राखून ठेवलेली रॅम) ४ जीबी ठेवला की हे व्हायचंच; १ जीबीवर आणा. डेटाचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवलं असेल तर मालकी मायएसक्यूएल युजरची आहे ना आणि ॲपआर्मरमध्ये (कोणत्या प्रोग्रामने कोणत्या फाइली उघडायच्या हे ठरवणारी उबुंटूची सुरक्षा) नवा पत्ता घातला आहे ना, तेही पाहा.

लॉगमध्ये ‘करप्शन’ असेल तर सेवा बंद करून ‘/व्हार/लिब/मायएसक्यूएल’ पूर्णच्या पूर्ण टार करून बाहेरच्या डिस्कवर घ्या. त्यानंतरच ‘इनोडीबी_फोर्स_रिकव्हरी’ हे सेटिंग १ करून डम्प, म्हणजे सगळ्या डेटाची प्रत, काढा. ४ आणि त्यापुढचे आकडे डेटा कायमचा बिघडवू शकतात. तिथे जाणकाराला बोलवा.

प्रश्न : माझा पीएचपी प्रकल्प ‘१२७.०.०.१’ लिहिलं की चालतो, ‘लोकलहोस्ट’ लिहिलं की २००२. दोन्ही एकच ना?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : लिनक्सवर नाही. ‘लोकलहोस्ट’ लिहिलं की मायएसक्यूएलचा क्लायंट सॉकेट फाइल शोधतो, ‘१२७.०.०.१’ लिहिलं की पोर्ट ३३०६. तुमचा सर्व्हर चालू आहे, फक्त पीएचपी सॉकेट भलत्याच ठिकाणी शोधतंय, बहुधा ‘/टीएमपी’ मध्ये. सर्व्हरवर ‘शो व्हेरिएबल्स लाइक 'सॉकेट'’ चालवा. येईल तो पत्ता पीएचपी.आयएनआय मधल्या ‘मायएसक्यूएलआय.डिफॉल्ट_सॉकेट’ मध्ये लिहा आणि वेब सर्व्हर पुन्हा सुरू करा. पीडीओ (पीएचपीतून डेटाबेसशी जोडण्याची दुसरी पद्धत) वापरत असाल तर ‘पीडीओ_मायएसक्यूएल.डिफॉल्ट_सॉकेट’ वेगळं भरावं लागतं.