उठताना येणारी अंधारी आणि शीर्षासनाचा सल्ला

प्रश्न : माझे वय ६२ असून कापडाचे दुकान आहे. दिवसभर उभे राहिल्याने संध्याकाळी पाय जड होतात व घोट्यांशी सूज येते. पहाटे अंथरुणातून झटकन उठलो, तर क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाची गोळी चालू आहे. मेंदूला रक्त मिळावे म्हणून एका स्नेह्यांनी रोज शीर्षासन करण्यास सुचवले आहे. करावे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्या दोन्ही तक्रारींत गुरुत्वाकर्षणाचा हात आहे. आडवे असताना डोके, हृदय आणि पाय जवळजवळ एकाच पातळीत असतात. उभे राहताच सुमारे अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीतून पोटाच्या खालच्या भागात आणि पायांच्या शिरांमध्ये उतरते. हृदयाकडे परतणारे रक्त तेवढे घटल्यामुळे प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारे रक्तही कमी होते आणि दाब घसरू लागतो. मानेतील धमन्यांत व महाधमनीच्या कमानीत दाबाची नोंद घेणारी चेतातंतूंची टोके असतात. ती ही घसरण लगेच मेंदूला कळवतात, नाडी मिनिटाला १०-२० ठोक्यांनी वाढते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि दाब सावरतो. तरुणपणी याचा सहसा पत्ताही लागत नाही.

वय वाढते तशी ही यंत्रणा मंदावते. रक्तदाबाच्या, लघवीच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्या, जुना मधुमेह किंवा उन्हाळ्यात कमी पडलेले पाणी यांमुळे ती आणखी उशिरा जागी होते. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा खालचा १० मिलिमीटरने उतरला, तर त्याची दखल घ्यावी लागते. म्हणून आपल्या डॉक्टरांकडून दाब एकदा आडवे असताना आणि एकदा उभे राहून मोजून घ्यावा. केवळ खुर्चीत बसवून मोजलेल्या दाबात हा दोष सापडेलच असे नाही. गोळी मात्र मनाने बंद करू नये. उठताना आधी कुशीवर वळावे, पाय खाली सोडून मिनिटभर काठावर बसावे आणि मगच उभे राहावे.

आता पायांविषयी. निश्चल उभ्या माणसाच्या पावलातील शिरांमध्ये सुमारे ९० मिलिमीटर दाब असतो, कारण हृदयापासून तिथपर्यंतच्या रक्तस्तंभाचा सगळा भार तेथे येतो. चालू लागताच पोटरीचे स्नायू शिरा पिळून रक्त वर ढकलतात, आतील झडपा ते मागे येऊ देत नाहीत आणि हा दाब ३० च्या आसपास उतरतो. म्हणजे आपल्याला त्रास होतो तो उभे राहण्यापेक्षा हालचाल न करता उभे राहण्याचा. संचलनात तासभर ताठ उभा असलेला धडधाकट जवान कोसळतो, तोही याच कारणाने. आडवा होताच मेंदूला रक्त मिळून तो शुद्धीवर येतो, पण भोवतालची मंडळी त्याला घाईघाईने उठवून बसवतात, हे अगदी चुकीचे आहे. दुकानात अधूनमधून टाचा उचलाव्यात, चार पावले फिरावे आणि दुपारी थोडा वेळ पाय उंचावर ठेवावेत. सूज एकाच पायाला असेल किंवा दम लागत असेल, तर कारण वेगळे असू शकते. तेव्हा तपासणी लांबवू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही घोटे सुजतात, हेही डॉक्टरांना विचारावे.

राहिले शीर्षासन. मेंदू आपला रक्तपुरवठा स्वतःच्या रक्तवाहिन्या आकसून किंवा सैलावून बऱ्याच अंशी स्थिर राखतो, त्यामुळे डोके खाली केल्याने त्याला रोजचे जादा पोषण मिळते, या समजुतीत तथ्य नाही. उलट त्या स्थितीत डोळ्यांतील दाब सुमारे दुप्पट होतो, जो काचबिंदू असलेल्यांना घातक ठरू शकतो. आसनाहून सरळ होताना रक्त पुन्हा वेगाने खाली उतरते आणि ज्या अंधारीसाठी हा उपाय सुचवला गेला, तीच येण्याचा संभव असतो. आपल्या वयात व रक्तदाब असताना ते नव्याने सुरू करू नये, असेच माझे मत आहे.