'हेट स्नो' म्हणून घेतलेली जोडी, आणि चौदात एकही पिल्लू पांढरे नाही

प्रश्न : मी मानेवाड्यात राहतो. जुलै २०२२ मध्ये पुण्याच्या एका विक्रेत्याकडून कॉर्न स्नेकची अगदी लहान जोडी ३६,००० रुपयांना घेतली. व्हॉट्सॲपवर त्याने 'दोन्ही हेट स्नो, अस्सल ओकीटी ब्लडलाइन' असे लिहिले. बिलावर मात्र फक्त 'कॉर्न स्नेक, १ जोडी'. जुलै २०२५ मध्ये पहिली १४ अंडी फुटली. चार पिल्लं लाल-केशरी, लाल डोळ्यांची, दहा साधी. पांढरे एकही नाही. स्नो पिल्लं विकून पैसे निघतील असा हिशेब होता. विक्रेता म्हणतो, "निसर्गाचा खेळ आहे दादा." ग्राहक आयोगात जाऊ का? शेजारी वनविभागाला कळवतो म्हणतात, ते वेगळंच.

उत्तर : विक्रेत्याचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि तक्रार चुकीच्या मुद्द्यावर उभी केलीत तर तेच अर्धे त्याला वाचवेल. म्हणून कायद्याआधी थोडे गणित.

स्नो म्हणजे दोन दोष एकत्र : अमेल (काळे रंगद्रव्य नाही) आणि अनेरी (लाल रंगद्रव्य नाही). दोन्ही अप्रभावी, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आले तरच अंगावर दिसतात. एकाकडूनच आले तर साप दिसतो साधा, पण गुण पोटात घेऊन फिरतो, तो 'हेट'. 'हेट स्नो' म्हणजे दोन्ही गुण पोटात. अशा खऱ्या जोडीलाही सरासरी सोळात एकच स्नो होतो. चौदा पिल्लांत एकही स्नो न येण्याची शक्यता सुमारे ४० टक्के आहे. 'पांढरे पिल्लू झाले नाही' एवढ्यावर तक्रार केलीत तर समोरचा वकील हा आकडा मांडून खाली बसेल.

पण आपण पाठवलेला डब्यांचा फोटो मी दोनदा पाहिला. दहा साध्या पिल्लांत करडे-काळे, म्हणजे अनेरी, एकही दिसत नाही. खऱ्या हेट जोडीला चारात एक पिल्लू अनेरीचा दुहेरी वारसा घेऊन यायला हवे. चौदात एकही न येण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षाही कमी. चार लाल पिल्लांमुळे दोन्ही साप हेट अमेल आहेत हे सिद्धच झाले, तिथे विक्रेता खरा. अनेरीच्या बाबतीत मात्र दोघांपैकी किमान एक साप बहुधा कोरा आहे. कोणता, हे एका विणीवरून सांगता येणार नाही. दोन्ही एकाच माणसाने विकले असल्याने ते सांगायची गरजही नाही. आपली तक्रार ही एवढीच, आणि ती पुरेशी आहे. फक्त कोवळी पिल्लं रंगाने फसवतात. एक-दोन काती टाकू द्या, मग जाणकाराकडून पाहून त्याचे शपथपत्र घ्या.

मादी वीर्य महिनोन्महिने साठवू शकते, त्यामुळे 'बाप दुसराच असेल' असा बचाव येईल. आपण दोघांना पिल्लं असताना आणले; कोणता साप कुठल्या डब्यात होता, जोडी कधी लावली, हे तारखांसह शपथेवर लिहा.

ओकीटीचे प्रकरण वेगळे. तो गुण नव्हे, गाव-शिवाराचे नाव आहे : अमेरिकेत साउथ कॅरोलायनाच्या जॅस्पर काउंटीतल्या शिकारी क्लबाच्या परिसरातले ठळक काळ्या किनारीचे साप, त्यावरून नाव पडले. आज तसा दिसणारा कुठलाही साप त्या नावाने विकला जातो. रूपावरून वंश सिद्ध होत नाही, तो वंशावळीच्या कागदानेच होतो. नोटिशीत कागद मागा. तक्रारीचा पाया मात्र ओकीटीवर घालू नका.

आता कायदा. वस्तू विक्री अधिनियम, १९३० मध्ये जनावर हीसुद्धा 'वस्तू'च आहे आणि कलम १५ प्रमाणे माल वर्णनाबरहुकूम हवा. खोटे वर्णन ही ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली अनुचित व्यापार प्रथा. कलम ३४ मुळे आपण राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नागपुरातच तक्रार करता येते. पुण्याच्या खेपा नकोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. बिल मुके असले तरी चॅट बोलते : मूळ फोन जपा, बदलू नका, आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडा. एक गोष्ट पुन्हा पाहा. चॅटमध्ये कुठे '६६ टक्के पॉसिबल हेट' असे तर नाही? तसे असेल तर त्याने शक्यता विकली आणि आपण शक्यताच घेतली. मग घरीच बसलेले बरे.

खरी अडचण मुदतीची. ग्राहक संरक्षण अधिनियमाच्या कलम ६९ प्रमाणे दोन वर्षे, आणि ती खरेदीपासून मोजली तर जुलै २०२४ मध्येच संपली. पण कॉर्न स्नेकची मादी विणीला यायलाच दोन-तीन वर्षे लागतात. त्याआधी हे खोटे कळणार कसे? विलंबमाफीचा अर्ज तक्रारीसोबतच द्या आणि त्यात हे वाक्य पहिल्या परिच्छेदात घाला.

दुसरी अडचण आपणच लिहून पाठवलीत. न झालेल्या पिल्लांची किंमत मागणे म्हणजे बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. ती मागणी केलीत की 'व्यापारी हेतू' म्हणून आपण ग्राहकच उरत नाही. विक्रीचा विचार लपवा असे मी सांगणार नाही. विचारले तर खरे सांगा. आयोग प्रमुख हेतू पाहतो, आणि एक जोडी हौसेने पाळणारा माणूस दुकानदार नसतो. मागा ती साधी जोडी आणि हेट जोडी यांच्या किमतीतला फरक, त्रासाबद्दल भरपाई आणि खर्च.

शेजाऱ्यांचे म्हणाल तर कॉर्न स्नेक भारतीय नाही आणि साइट्सच्या (CITES, वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्टांतही नाही. त्यामुळे अशा विदेशी प्राण्यांसाठीच्या २०२४ च्या नियमांखाली केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवरची नोंदणी त्याला लागत नाही. बॉल पायथन असता तर लागली असती. घरी आलेल्या वनरक्षकाला साधा कॉर्न स्नेक आपल्याकडचा तस्कर जातीचा साप वाटू शकतो, आणि नावातच तस्कर म्हटल्यावर पुढचे बोलायला नको. बिल आणि जाणकाराची ओळखपत्रवजा चिठ्ठी घरात ठेवा. घाबरून अंबाझरी तलावाकडे सोडून मात्र येऊ नका.

कस्टम्सचा प्रश्न मात्र खरा आहे. चेन्नई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या बॅगांत कॉर्न स्नेक सापडलेले आहेत. आपल्या जोडीचे आई-बाप कुठून आले हे नोटिशीतच विचारा, पंधरा दिवस द्या. माल चोरट्या आयातीचा निघाला तर विक्रीचा करार भारतीय करार अधिनियमाच्या कलम २३ खाली अडचणीत येतो आणि साप जप्तीच्या कक्षेत. तक्रार केली की साप रेकॉर्डवर येतात, हे धरूनच ठरवा. कागद नीट आले तर आयोगात जा, असे मी म्हणेन. उडवाउडवी झाली तर ३६,००० साठी हे दार उघडायचे का, याचा विचार घरच्यांसोबत करा.

आणि ती दहा पिल्लं. कुणाला द्याल तेव्हा डब्यावर 'हेट स्नो' लिहू नका. 'साधे, ६६ टक्के शक्यता हेट अमेल, अनेरी माहीत नाही' एवढेच लिहा आणि तेच बिलावरही उतरवा.